सेव्हियात तीन रात्री: आधी जेवायच्या वेळा ठरवा, मग बाकीचं

प्रश्न: ताई, नमस्कार. मुलगा माद्रिदला शिकतोय, दिवाळीच्या सुट्टीत मी, मिस्टर आणि सासूबाई त्याच्याकडे जातोय. त्यात तीन रात्री सेव्हियाला काढायच्या असं चाललंय, पण एजंट म्हणतात तेवढ्यात कॉर्दोबा आणि ग्रानाडा पण उरकता येईल. सासूबाईंचे गुडघे दुखतात, मी आणि त्या शाकाहारी, अंडं चालतं. शिवाय ऐकलंय की तिकडे लोक रात्री दहाला जेवतात, आमच्याकडे साडेआठला ताटं मांडलेली असतात. कसं जमवायचं?
– एक वाचक, नाशिक

उत्तर: सगळ्यात आधी, 'उरकता येईल' हा शब्द ज्या प्लॅनमध्ये आहे तो प्लॅन बाजूला ठेवा. ग्रानाडाला सेव्हियाहून जाऊन यायचं तर दिवसाचे पाचेक तास प्रवासातच जातात, आणि तिथला अल्हाम्ब्रा राजवाडा बघायचा तर तिकिटं खूप आधी संपलेली असतात, त्यामुळे ग्रानाडा यावेळी नको. कॉर्दोबाचं वेगळं आहे, ते माद्रिद-सेव्हियाच्याच रेल्वेलाईनवर आहे, सेव्हियाहून पाऊण तास, त्यामुळे तिसऱ्या दिवशी सासूबाईंच्यात उत्साह असेल तर सकाळी जाऊन तिथली प्रसिद्ध मशीद-कॅथेड्रल बघून दुपारी परत या, नसेल तर नका जाऊ, सेव्हियातच दिवस छान जातो.

माद्रिदहून अतोचा स्टेशनवरून हायस्पीड ट्रेन घ्या, साधारण अडीच तासात सेव्हियाचं सांता हुस्ता स्टेशन येतं. स्पेनमधली ही पहिलीच हायस्पीड लाईन, १९९२ मध्ये सेव्हियाला जागतिक प्रदर्शन भरलं त्यासाठी बांधलेली. तिकिटं जितकी आधी काढाल तितकी स्वस्त, मुलाला आत्ताच बसवा त्या कामाला. आणि गाडीत चढायच्या आधी बॅगा स्कॅन होतात म्हणून अर्धा तास हातात ठेवून निघा.

राहायला सगळे सांता क्रूझ सुचवतात, गल्ल्या सुंदर आहेत पण अर्ध्या गल्ल्यांत टॅक्सी शिरत नाही आणि दगडी फरशीवरून ट्रॉलीबॅग ओढत, सोबत दुखरे गुडघे, हे नको. त्यापेक्षा आरेनाल भागात किंवा प्लाझा नुएवाच्या आसपास घ्या. तिथून कॅथेड्रल, नदी सगळं चालत आणि शहर सपाट आहे, चढउतार जवळजवळ नाहीच.

आता जेवण. तुमचा हा प्रश्न लोकांना साधा वाटेल पण माझ्या मते सेव्हियाचा अख्खा प्लॅन यावरच उभा राहतो. तिथे दुपारचं जेवण दोन ते चार, हेच दिवसातलं मुख्य जेवण. चारच्या सुमारास स्वयंपाकघरं बंद होतात आणि परत उघडतात ती आठ-साडेआठला. म्हणजे बघा, सहा वाजता भूक लागली आणि नीट जेवायला गेलात तर बहुतेक ठिकाणी कॉफी आणि गोड सोडून काही मिळत नाही, किंवा मग फक्त टुरिस्टांसाठी चालणाऱ्या हॉटेलात फोटोवाल्या मेनूचं महाग जेवण मिळतं. पण साडेआठला स्वयंपाकघर नुकतं उघडलेलं असतं, तिथली मंडळी साडेनऊ-दहाशिवाय येत नाहीत, टेबलं रिकामी, वेटरला बोलायला वेळ, आणि ही वेळ तर तुमचीच आहे! म्हणून दिवस असा बांधा: नऊला तोस्तादा म्हणजे ऑलिव्ह तेल आणि किसलेला टोमॅटो लावलेला भाजका पाव आणि दुधाची कॉफी. मग बघायचं ते. पावणेदोन-दोनला पोटभर जेवण, सोमवार ते शुक्रवार दुपारी 'मेनू देल दिया' मागा, साध्या ठिकाणी १२ ते १६ युरोत दोन पदार्थ, पाव, शेवटी गोड किंवा कॉफी येतं. मग खोलीवर जाऊन सरळ आडवं व्हायचं. संध्याकाळी सहाला परत बाहेर, आणि साडेआठला तापास, म्हणजे छोट्या बशा. रात्रीचं हलकंच असू दे. रविवारी रात्री आणि सोमवारी बरीच चांगली ठिकाणं बंद असतात तेवढं बघून घ्या.

बघायचं म्हणाल तर दोनच गोष्टींची तिकिटं आधी काढायची, अल्काझार हा राजवाडा आणि कॅथेड्रल, दोन्हीच्या अधिकृत वेबसाईटवरून. अल्काझारला सकाळची पहिली वेळ घ्या आणि पासपोर्ट जवळ ठेवा. तिथला मुख्य महाल १३६४ चा, बांधून घेतला ख्रिश्चन राजा पेद्रो पहिला याने, पण कारागीर तोलेदोचे आणि ग्रानाडाच्या सुलतानाकडचे, त्यामुळे भिंतीवरच्या चुन्याच्या नक्षीत अरबी लिपीत चक्क 'सुलतान दोन पेद्रो' असा त्याचा जयजयकार कोरलाय. घाई न करता एक भिंत जवळून बघा, खाली रंगीत फरशा, त्यावर कोरीव चुना, वर लाकडी छत. सासूबाईंना बागेत बसायला भरपूर जागा आहे.

कॅथेड्रल जगातलं सगळ्यात मोठं गॉथिक चर्च. मशिदीच्या जागेवर १४०१ मध्ये बांधायचं ठरलं, पण मशिदीचा मिनार ठेवला, तोच आताचा हिराल्दा मनोरा. यात जिने नाहीत, उतार आहेत, ३५ उतार, अजान देणाऱ्याला घोड्यावरून वर जाता यावं म्हणून तसे केले असं सांगतात, अगदी शेवटी थोड्या पायऱ्या येतात. सासूबाई हळूहळू चढू शकतील, पण परत उतरायचंही आहे हे त्यांना आधी सांगा, आणि नको म्हणाल्या तर खाली संत्र्याच्या झाडांच्या चौकात बसू द्या. आत कोलंबसची कबर आहे, चार राज्यांचे चार पुतळे त्याची शवपेटी पालखीसारखी खांद्यावर घेऊन उभे आहेत. बाहेर बायका हातात रोजमेरीची काडी ठेवतात आणि मग पैसे मागतात, हात पुढे करू नका.

दुसरी संध्याकाळ प्लाझा दे एस्पान्याला. १९२९ च्या प्रदर्शनासाठी आनीबाल गोन्सालेस या आर्किटेक्टने केलेलं अर्धगोल चौकाचं काम, भिंतीला लागून ४८ रंगीत टाइल्सचे कोनाडे, प्रत्येकात एका प्रांताचा नकाशा आणि तिथल्या इतिहासातला प्रसंग, खाली बसायला टाइल्सचाच बाक. माद्रिदचा कोनाडा मुलाला शोधायला लावा आणि तिथे फोटो काढा.

एक जेवण मात्र एल रिंकोन्सियोत कराच. १६७० पासूनची जागा आहे. आतल्या टेबलांपेक्षा पुढच्या लाकडी काउंटरपाशी उभं राहायचं, तुम्ही जे जे मागवाल ते वेटर तुमच्या समोरच लाकडावर खडूने लिहितो, शेवटी तिथेच बेरीज करतो, पैसे दिले की पुसून टाकतो. तिथे पालक आणि छोले मागवा, 'एस्पिनाकास कोन गार्बान्सोस'. दाटसर, जिऱ्याचा आणि लसणीचा वास, सासूबाईंना पहिल्या घासात आपलं वाटेल. फार वेळ उभं राहणं त्यांना झेपणार नसेल तर गर्दीच्या आधी जाऊन टेबल धरा.

व्हिसाचं पण आत्ताच बघा. शेंगेन व्हिसाची फी मोठ्यांना ९० युरो, ३०,००० युरोचा ट्रॅव्हल इन्शुरन्स लागतो, अर्ज सहा महिने आधी करता येतो. दिवाळीच्या तोंडावर अपॉइंटमेंट शोधत बसू नका.

प्रश्न: आम्ही दोघं शुद्ध शाकाहारी, अंडंही नाही. जूनच्या शेवटी सेव्हियाला जायचा विचार आहे. उपाशी राहू का?
– एक वाचक, ठाणे

उत्तर: उपाशी नाही राहणार, पण विचारत राहावं लागेल. 'व्हेजिटेरियन' म्हटलं तरी सॅलडवर टूना मासा येतो, कारण बऱ्याच जणांच्या डोक्यात मांस म्हणजे फक्त मटण-डुक्कर. म्हणून पदार्थ मागवताना सरळ सांगा: सिन कार्ने, सिन हामोन, सिन आतून, सिन उएवो, म्हणजे मांस, हॅम, टूना, अंडं काही नको. साल्मोरेहो हे टोमॅटोचं घट्ट गार सूप फार सुंदर लागतं पण त्यावर उकडलेलं अंडं आणि हॅमचे तुकडे घालतात, ते न घालता मागा. गास्पाचो, भाजलेल्या मिरच्या, मश्रूम, ऑलिव्ह, पालक-छोले हे चालेल. वांग्याच्या तळलेल्या कापांवर उसाची काकवी घालून देतात, ते खाल्लंच पाहिजे असं आहे, पण बऱ्याच ठिकाणी तेल मासे तळायचंच असतं, त्यामुळे तुमचा नियम कडक असेल तर आधी विचारा. क्रोकेतास हे तळलेले लांबट गोळे दिसायला निरागस, आत बहुतेक वेळा हॅम. पोल्वोरोनेस आणि मान्तेकादोस या बिस्किटांत डुकराची चरबी असते. त्याऐवजी तोर्तास दे आसेइते घ्या, ऑलिव्ह तेलातल्या बडीशेपेच्या वासाच्या पातळ कुरकुरीत चकत्या, घरी आणायलाही उत्तम. मांचेगो चीज बहुतेक वेळा प्राण्याच्या पोटातल्या रेनेटने, म्हणजे दूध घट्ट करणाऱ्या पदार्थाने, केलेलं असतं.

पाणी नळाचं पिण्यासारखं आहे आणि २०२२ च्या कायद्याने हॉटेलांना ते फुकट द्यावंच लागतं, 'आगुआ देल ग्रिफो' म्हणा.

पण जूनचा शेवट बदला, कळकळीने सांगते. तेव्हा ४० अंश सहज होतं, दुपारी रस्त्यावर कुत्रं नसतं आणि ऑगस्टमध्ये तर निम्मी हॉटेलं मालकांच्या सुट्टीमुळे बंद असतात. मेची सुरुवात किंवा ऑक्टोबर-नोव्हेंबर बघा. जैन जेवण लागत असेल तर किचनवाली अपार्टमेंट घ्या, कांदा-लसूण टाळणं बाहेर जवळजवळ अशक्य.

प्रश्न: आम्ही लंडनला असतो, एप्रिलमध्ये सेव्हियाची फेरिया, म्हणजे तिथली वसंतातली मोठी जत्रा, बघायला वीकेंडला जावं का?
– एक वाचक, लंडन

उत्तर: फेरिया बघायची खूप ओढ असेल तरच. हजाराच्या वर मांडव असतात पण बहुतेक खाजगी, ओळख किंवा आमंत्रण असल्याशिवाय आत घेत नाहीत, सगळ्यांसाठी खुले असे पालिकेचे वगैरे थोडेच, आणि हॉटेलचे दर त्या आठवड्यात डोळे पांढरे करतात. जायचंच तर दुपारी घोड्यांची आणि बग्ग्यांची मिरवणूक बघा, ती रस्त्यावरच असते, आणि रात्री खुल्या मांडवात सेव्हियानास नाच बघत रेबुहितो प्या, म्हणजे मान्सानिया नावाची वाइन आणि लिंबू सोडा. हातात दोनच रात्री असतील तर मी मार्च म्हणेन, ईस्टरचा आठवडा सोडून, संत्र्याच्या झाडांना मोहर येतो आणि गल्ल्या वासाने भरतात. ती संत्री तोडून खाऊ नका, भयंकर कडू असतात, तुमच्याकडच्या मार्मलेडला तीच लागतात. फ्लामेंकोसाठी जेवण-सह-शो टाळा, छोट्या हॉलमधला तासाभराचा कार्यक्रम बघा, माइक नसतात, टाचांचा आवाज थेट ऐकू येतो, आणि तो संपला की पूल ओलांडून नदीपलीकडच्या त्रियाना भागात जेवायला जा. वेळ साडेनवाची होईल आणि जागा आधी सांगून ठेवलेली बरी.