‘मी सुखी होवो’ म्हणताना लाज वाटते. मैत्री भावना कशी करावी?

तुम्ही लिहिलंय की मैत्री भावनेला, म्हणजे सगळ्यांचं भलं चिंतायच्या बौद्ध ध्यानाला, बसल्यावर इतरांसाठी मंगल सहज मागता येतं, पण ‘मी सुखी होवो’ हे पहिलंच वाक्य तोंडातून निघत नाही, स्वार्थी वाटतं. मी याच वाक्याशी दोनेक वर्षं अडले होते, म्हणून लिहिते.

आमचं घर सांगली जिल्ह्यात, भिलवडीजवळ, कृष्णेकाठी. ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी वाढायला लागलं तेव्हा भिंतीवरच्या २००५ च्या पुराच्या खुणेपुढे ते येणार नाही, असं मीच ठामपणे म्हणाले. सांगलीत आयर्विन पुलाजवळ धोक्याची पातळी ४५ फूट. त्या वेळी पाणी ५७ फुटांवर गेलं. रात्री सासूबाईंना आणि पोरांना घेऊन निघालो. दोन म्हशी सोडल्या. तिसरी गाभण होती, आतल्या बाजूला बांधलेली. तिचं दावं सोडायचं राहिलं. पाणी उतरलं तेव्हा ती दाव्यालाच होती.

त्यानंतर विहारात बावीस प्रतिज्ञांमधली प्राणिमात्रांवर दया करण्याची प्रतिज्ञा आली की माझा आवाज बंद व्हायचा. आतली टोचणी हीच करुणा, असं मी धरून चालले होते. ती कमी झाली तर मी त्या जनावराला विसरले, असं वाटायचं.

धम्मात मात्र या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. मनाला अडवणाऱ्या पाच नीवरणांत ‘उद्धच्च-कुक्कुच्च’ येतं. उद्धच्च म्हणजे मनाची चंचलता, कुक्कुच्च म्हणजे केल्या-न केल्याची कुरतड. वाईट करायची लाज वाटते ती हिरी, आणि ती कुशल मानली आहे. हिरीमुळे माणूस पुढच्या वेळी सावध राहतो. कुक्कुच्चात मी रोज त्याच रात्री गोठ्यात जात होते. विसुद्धिमग्ग या साधनेवरच्या जुन्या पाली ग्रंथात बुद्धघोषांनी दुःखात बुडून जाण्याला करुणेचा जवळचा शत्रू म्हटलंय, कारण ते करुणेसारखंच दिसतं.

संयुत्त निकाय या बुद्धवचनांच्या संग्रहात शंखाच्या दृष्टांताचं एक सुत्त, म्हणजे उपदेश, आहे. ज्याच्या हातून हिंसा घडली त्यानं काय करावं? हे मी योग्य केलं नाही हे मान्य करावं, खंत करून ते न केल्यासारखं होणार नाही हे ओळखावं, हिंसा सोडावी आणि मग चारी दिशांना मैत्री पसरवावी, जसा दमदार शंखवाला चारी दिशांना सहज आवाज पोचवतो. यात चूक झाकायला कुठेच सांगितलेलं नाही. मला ते फार आधाराचं वाटलं.

सुरुवात स्वतःपासून करतात ती साक्षीसाठी. मला जसं दुःख नको, तसं कुणालाच नको, हे स्वतःवरून कळतं. पण अडत असेल तर जोर करू नका. मी धार काढून झाल्यावर गोठ्यातच पंधरा मिनिटं बसायचे आणि रेडकापासून सुरू करायचे. मग सासूबाई, मग बाजारात नुसती तोंडओळख असलेला हळदवाला. सगळ्यांत शेवटी मी. आणि स्वतःसाठी ‘सुखी’ शब्द सोडून दिला. पाली ओळ आहे, ‘अहं अवेरो होमि’, मी वैरमुक्त होवो. सुख मागायला लाज वाटत होती, पण स्वतःशी धरलेलं वैर संपो म्हणताना वाटली नाही. त्या दिवशी खूप रडले.

(झोप उडाली असेल, जगणं नकोसं वाटत असेल तर डॉक्टरांकडेही जा. साधना त्याच्या जोडीनं करा.)

जुलै २०२१ ला पुन्हा पूर आला. पाणी ४० फुटांच्या इशारा पातळीवर जायच्या आतच आम्ही जनावरं वरच्या वस्तीवर नेली. शेजारच्या आजी मात्र ‘२०१९ एवढं नाही यायचं’ म्हणत उंबऱ्यात बसून होत्या. माझ्या जावेचा पारा चढला. मी आजींजवळ बसले, चहा केला, त्यांच्या शेळ्या सोडल्या आणि त्यांना म्हटलं, आजी, मीपण असंच म्हणाले होते.