प्लास्टरआधी पाइप टाका : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : गुहागरला चिऱ्याचं दुमजली घर बांधतोय. खाली आम्ही, वर चार खोल्या पर्यटकांसाठी. इंटरनेटचे आठ पॉइंट हवेत. वायरमन म्हणतो, लाइटच्याच पाइपातून कॅट-6 (इंटरनेटची तांब्याची केबल) ओढू, वेगळी झिरी कशाला? प्लास्टर पुढच्या आठवड्यात आहे. (गुहागर)

उत्तर : दोन दिवस प्लास्टर पुढे ढकला आणि वेगळी झिरी मारून घ्या. एकाच पाइपात 230 व्होल्टची वायर आणि डेटा केबल असेल आणि ओढताना इन्सुलेशन सोललं, तर करंट थेट राउटरपर्यंत पोचतो. दोन्ही पाइप समांतर जात असतील तिथे निदान 30 सेंटिमीटर अंतर राखा; एकमेकांना छेदावं लागलं तर काटकोनात छेदू द्या.

लाइटसारखा एका पॉइंटवरून दुसऱ्यावर नेलेला लूप इथे चालत नाही. प्रत्येक पॉइंटची केबल स्वतंत्रपणे रॅकपर्यंत, म्हणजे राउटर ठेवायच्या कपाटापर्यंत यायला हवी, मध्ये कुठेही जोड नको. भिंतीतली केबल जास्तीत जास्त 90 मीटर, दोन्ही टोकांच्या पॅच कॉर्ड (उपकरणाला जोडायच्या सुट्या केबल) मिळून 10. तुमच्या घरात ही मर्यादा गाठली जाणार नाही. आठ पॉइंटच्या आठ केबल झाल्या, त्याशिवाय वायफायसाठी दोन्ही मजल्यांच्या छताला एकेक धरा आणि एक पाइप फायबरसाठी (काचेच्या तंतूतून प्रकाशाने डेटा नेणाऱ्या केबलसाठी) रिकामा सोडा. पाइपात दोरी घालून ठेवायला विसरू नका.

पाइपाचा आतला भाग 40 टक्क्यांपेक्षा जास्त भरू नये. 25 मिलिमीटरच्या पाइपात म्हणजे कॅट-6 च्या चारच केबल. पाचवी कोंबली तर ती जाईल, पण ओढताना केबलमधल्या तारांच्या जोड्यांचे पीळ ताणले जातील. 11 किलोहून जास्त जोर लावू नये, म्हणजे एका माणसाने न हिसकता ओढता आलं पाहिजे. बाजारातला काटकोनी एल्बो टाळा आणि मोठ्या गोलाईचा बेंड घ्या. दोन बॉक्सच्या मध्ये काटकोनी वळणं दोनच, तिसरं येत असेल तर तिथे बॉक्स काढा. पॉइंटच्या बॉक्सात 30 सेंटिमीटर आणि रॅकपाशी 3 मीटर केबल शिल्लक ठेवा. पाइपांची तोंडं चिंध्यांनी बुजवूनच गवंड्याला प्लास्टर करू द्या.

आता कोकणाचं. जांभा पाणी पितो. नैर्ऋत्येची भिंत आषाढात आतून ओली होते, त्यामुळे त्या भिंतीवर एकही बॉक्स नको. पॉइंट आतल्या भिंतींवर घ्या. पाइपाचे सांधे सोल्युशन लावूनच जोडा. बाहेरून केबल आत येते ते भोक बाहेरच्या बाजूला उतरतं पाडा आणि भोकाआधी केबलला खाली झोळ द्या, म्हणजे पाणी केबलवरून घरात न येता झोळाच्या टोकाशी ठिबकतं.

केबल घेताना एक तार ब्लेडने खरवडून बघा. तांबूस रंगाखाली पांढरी चकाकी दिसली तर ते तांब्याचा मुलामा दिलेलं ॲल्युमिनियम आहे. हा माल कॅट-6 च्या मानकात बसत नाही, जॅकमध्ये पंच करताना (तारा दाबून बसवताना) तुटतो आणि कॅमेऱ्याला केबलमधूनच वीज द्यायची असेल तर गरम होतो. खोका परत करा.

प्रश्न : मालवणजवळ आमच्या दोन कॉटेज मुख्य घरापासून साधारण 60 मीटरवर आहेत. माडांवरून कॅट-6 नेली आहे. दरवर्षी पावसाच्या तोंडाशी दोन्हीकडचे नेटवर्क स्विच (केबल जोडायचे डबे) जळतात. सर्ज प्रोटेक्टर लावू का? (मालवण)

उत्तर : दोन इमारतींमधून तांबं काढून टाका, फायबर घाला. वळवाची वीज जवळपास पडली की दोन्हीकडच्या अर्थिंगच्या पातळीत क्षणभर मोठा फरक पडतो आणि तो भरून काढायला करंटला तुमची केबल सापडते. काच करंट वाहून नेत नाही. मात्र ड्रॉप वायरमध्ये (वरून टांगून न्यायच्या फायबर केबलमध्ये) बहुधा आधाराची पोलादी तार असते. ती बाहेरच्या हुकाला बांधून तिथेच तोडा, आत नेऊ नका. त्यापेक्षा धातू अजिबात नसलेली जेलभरली केबल 32 मिलिमीटरच्या एचडीपीई (प्लास्टिकच्या) पाइपातून दोन फूट खोल टाका. पाइपाला चेंबरकडे उतार द्या आणि टोकं बुजवा, नाहीतर उंदीर शिरतील.

प्रत्येक कॉटेजला सिंगल मोड प्रकारच्या फायबरचे चार कोर, म्हणजे चार काचतंतू घ्या. वापर एकाचा किंवा दोनांचा, बाकीचे राखीव. एकाच कोरवर चालणारे कन्व्हर्टर (फायबरचा प्रकाश आणि तांब्याच्या केबलचा सिग्नल यांची अदलाबदल करणारे डबे) घेतलेत तर एका टोकाला 1310 नॅनोमीटरवर पाठवणारा आणि दुसऱ्याला 1550 वर पाठवणारा हवा. दोन्ही सारखे लावले की जोडणीचा दिवा लागतच नाही. 80 किलोमीटर पल्ल्याचं मॉड्यूल (प्रकाश पाठवणारा भाग) 60 मीटरला लावू नका, जास्त प्रकाशाने समोरचा रिसीव्हर खराब होऊ शकतो. दोन कनेक्टर प्रत्येकी जास्तीत जास्त 0.75 आणि दोन स्प्लाइस (फायबरचे कायमचे सांधे) प्रत्येकी 0.3 डेसिबल धरले तरी प्रकाशाची एकूण घट सुमारे 2.1 डेसिबलच्या आत यायला हवी. मीटर जास्त दाखवत असेल तर स्प्लाइस तोडण्याआधी कनेक्टरचं टोक पुसा, दोष बहुतेक वेळा तिथेच सापडतो. हिरवा कनेक्टर निळ्याला जोडू नका. हिरव्याचं टोक 8 अंशांत तिरपं घासलेलं असतं. चालू फायबरच्या तोंडाशी डोळा नेऊ नका, तो प्रकाश दिसत नाही.

विजेच्या वायरीतून येणारा दणका मात्र राहतोच. त्यासाठी कॉटेजच्या मेन बोर्डावर सर्ज प्रोटेक्टर आणि चांगलं अर्थिंग हवं.

प्रश्न : समुद्राला लागूनच ऑफिस आहे. दोन वर्षं नेट चांगलं चाललं, आता काही टेबलांवर वेग 100 एमबीपीएसच्या वर जात नाही. टेस्टरवर आठही दिवे लागतात. (देवगड)

उत्तर : साधा टेस्टर तार या टोकापासून त्या टोकापर्यंत जोडलेली आहे एवढंच सांगतो. गिगाबिटला आठही तारा नीट लागतात, 100 ला 1, 2, 3 आणि 6 पुरतात. निळ्या किंवा तपकिरी जोडीची एखादी पिन खारी हवा खाऊन कमजोर झाली की जोड 100 वर उतरतो. प्लग काढून टॉर्चने बघा, पिनांवर हिरवट थर दिसेल. घासून काम महिनाभर निभेल. खरा उपाय म्हणजे प्लग आणि जॅक दोन्ही बदलणं. नवे घेताना पिनांवर 50 मायक्रोइंच सोन्याचा मुलामा आणि तोंडाला झडप असलेले घ्या. पंच करताना पीळ 13 मिलिमीटरपेक्षा जास्त उलगडू नका, आणि रिकाम्या पोर्टना टोप्या घाला.