बेडरूममधले पाइप झाका, पण भिंतीत गाडू नका

प्रश्न : आम्ही सिडकोत राहतो, बिल्डिंग जुनी आहे, फ्लॅट वरच्या मजल्यावर. मागे गच्चीवर सोलर बसवला तेव्हा प्लंबरने गरम आणि गार पाण्याचे दोन सीपीव्हीसी (गरम पाणी सोसणाऱ्या प्लास्टिकचे) पाइप बेडरूमच्या कोपऱ्यातून खाली आणून बाथरूमला जोडले, शेजारून एसीचा कॉपर पाइप पण जातो. फार विचित्र दिसतं. दिवाळीच्या आधी कलर काढायचाय तर गवंडी म्हणतोय भिंत फोडून सगळं आत टाकू, मिस्टर म्हणतात पडदा लाव आणि विसरून जा. काय करू?
– एक वाचक, सिडको, नाशिक

उत्तर : ताई, गवंड्याला आधी थांबवा. कोपरा म्हणजे बहुतेक तिथे आरसीसी कॉलम, म्हणजे बिल्डिंगचा भार पेलणारा खांब, असतो आणि कॉलम किंवा बीमला खाच पाडायची नाही म्हणजे नाहीच, पाइप अर्धा इंची असला तरी. कॉलम नसेल आणि नुसती चार इंची विटांची भिंत असेल तरी तिच्यात शेजारी शेजारी दोन-तीन खोल चर मारले तर उरतं काय? आणि उद्या आतला एखादा सांधा गळला तर तुम्हाला कळणार कधी, तर प्लास्टर फुगून रंगाचे पापुद्रे निघायला लागल्यावर.

गरम पाण्याचा अजून एक मुद्दा आहे जो कोणी सांगत नाही. सीपीव्हीसी तापला की लांबतो. आपल्याकडे डिसेंबरच्या पहाटे गारठलेला पाइप आणि त्यातून सोलरचं कडक पाणी, म्हणजे 40 अंशांचा तरी फरक धरा, तर दहा फुटांचा पाइप 7 ते 8 मिलिमीटर वाढतो. सिमेंटमध्ये घट्ट दाबला की तो ताण जातो एल्बो (वळणाचा तुकडा) आणि पितळी थ्रेडच्या सांध्यांवर. म्हणून त्याला हलायला जागा हवी, क्लिपा पण आवळून मारायच्या नाहीत.

मग करायचं काय, तर बॉक्सिंग. कोपऱ्यात जमिनीपासून छतापर्यंत उभा बॉक्स, पाइपाच्या सगळ्या बाजूंनी साधारण इंचभर मोकळं राहील एवढा. सांगाडा ॲल्युमिनियमच्या चौकोनी पट्ट्यांचा केला तर वाळवीची काळजी नाही, वर सिमेंट बोर्ड लावा नाहीतर बीडब्ल्यूपी, म्हणजे पाण्याला टिकणारा प्लाय, त्यावर आयएस 710 या भारतीय मानकाचा शिक्का बघूनच घ्या. एमडीएफ (लाकडाच्या भुशाचा दाबून केलेला बोर्ड) स्वस्त मिळतो म्हणून घेऊ नका, एकदा पाणी लागलं की तो फुगतोच. समोरची फळी खिळे ठोकून किंवा चिकटवून बसवू द्यायची नाही, स्क्रूने बसवा, आणि जिथे सांधा किंवा व्हॉल्व्ह आहे तिथे मॅग्नेटचं छोटं दार ठेवा, नाहीतर पुढच्या प्लंबरला सगळं तोडूनच काम करावं लागेल. खाली जमिनीपाशी अर्धा इंच फट सोडा. सुतार म्हणेल ताई हे बरं नाही दिसणार, पण गळती झाली तर पाणी पहिल्यांदा तिथूनच बाहेर दिसतं त्यामुळे ही फट मी तरी कुठल्याच घरात बंद करू देणार नाही.

बॉक्स बंद करायच्या आधी गरम पाण्याच्या पाइपावर फोमची काळी नळी चढवून घ्या, पाणी वाटेत कमी गार होतं. एसीच्या कॉपरवरचा फोम कुठे फाटलाय का ते पण बघा. फाटला असेल तर पाइपाला घाम सुटतो आणि बॉक्स आतून ओला राहतो. एसीच्या पाणी जायच्या नळीला उतार आहे ना तेही तेव्हाच तपासा.

एवढा खर्च नको असेल तर पाइप हलका घासून भिंतीचाच इमल्शन मारा, दोन हात, बराच फरक पडतो. फक्त ऑइल पेंट आणि थिनर सीपीव्हीसीला लावू नका, ते प्लास्टिकला सोसत नाही. मिस्टरांचा पडदा पण चुकीचा नाही हो, भाड्याचं घर असतं तर मीही तेच सांगितलं असतं.

आणि वाचकांपैकी कोणाच्या खोलीतून वरच्या मजल्याच्या संडासाचा चार इंची पाइप जात असेल किंवा पाइप गॅसची लाइन असेल तर हे उत्तर त्यांना लागू नाही. संडासाच्या पाइपाचं साफसफाईचं झाकण मोकळं लागतं आणि तो बहुतेक सोसायटीचा असतो, आधी त्यांना विचारा. गॅसची लाइन तर स्वतःच्या मनाने झाकायचीच नाही, गॅस कंपनीला फोन करा.

ताई, आधी प्लंबरकडून सगळे सांधे बघून घ्या, मग एसीवाला, मग सुतार, आणि रंगारी सगळ्यात शेवटी.