बापाला न विचारता लग्न: जुन्या इंग्लंडबद्दल वाचकांचे प्रश्न

प्रश्न: पाद्री नाही, चर्च नाही, तरी तिथे लग्न ग्राह्य धरायचे, हे खरं का?

खरं. बाराव्या शतकापासून चर्चच्या कायद्याने मुख्य मानली ती दोघांची राजीखुशी. ‘मी तुला पत्नी म्हणून स्वीकारतो’, तिकडून ‘मी तुला पती म्हणून’, की झालं लग्न. मुलगी १२ वर्षांची, मुलगा १४ चा असला म्हणजे पुरे. लग्नाचा तीन वेळा चर्चमध्ये जाहीर पुकारा किंवा बिशपचा परवाना, २१ वर्षांखालच्यांना आईबापांची संमती, लग्न सकाळी ८ ते १२ मध्येच, हे सगळं १६०४ च्या चर्च-नियमांत आहे. पण ते मोडले तर शिक्षा व्हायची, लग्न मोडत नसे. पोपच्या चर्चच्या ट्रेंट इथल्या परिषदेने १५६३ मध्ये कॅथलिकांना पाद्री आणि साक्षीदार सक्तीचे केले. इंग्लंड तोवर रोमपासून, म्हणजे पोपच्या चर्चपासून, फुटलं होतं. त्यामुळे रोमने टाकून दिलेला नियम प्रॉटेस्टंट इंग्लंडनेच पुढे जवळजवळ दोनशे वर्षं सांभाळला!

प्रश्न: मग मुलीच्या बापाच्या हातात उरलं काय?

पैसा आणि ओळखी. कवी जॉन डन याचंच बघा. तो लॉर्ड कीपर, म्हणजे राजमुद्रा सांभाळणारे बडे अधिकारी, टॉमस एगर्टन यांचा सचिव होता आणि ॲन मोर ही त्यांच्या दिवंगत पत्नीची भाची. डिसेंबर १६०१ मध्ये दोघांनी गुपचूप लग्न केलं. ॲन तेव्हा सतराच्या आसपास. सॅम्युअल ब्रुकने लग्न लावलं, त्याच्या भावाने, ख्रिस्तोफरने, कन्यादान केलं. सासरेबुवांना, म्हणजे सर जॉर्ज मोर यांना, हे कळलं फेब्रुवारीत, जावयाच्या पत्रातून. त्यांनी डनची नोकरी घालवली आणि त्याला लंडनच्या फ्लीट तुरुंगात टाकायला लावलं. दोघे ब्रुक बंधूही आत गेले. एप्रिलमध्ये चर्चच्या न्यायालयाने लग्न वैध ठरवलं. मोर मग नरमले, जावयाला परत घ्या म्हणून स्वतः एगर्टन यांच्याकडे गेले. एगर्टन यांनी नकार दिला. लग्न टिकलं, नोकरी गेली ती गेलीच. पुढची कित्येक वर्षं हे जोडपं नातेवाइकांच्या आश्रयावर आणि ओढगस्तीत जगलं. माझ्या मते बापाची खरी ताकद हीच होती. कायदा त्याच्या बाजूने नसला तरी चूल पेटवायला त्याचीच मर्जी लागायची.

प्रश्न: नुसत्या शब्दावर लग्न, तर उद्या एकाने नाकारलं तर?

किंवा दोघंही ‘हो’ म्हणत असताना तिसऱ्यानेच नाकारलं तर? पहिल्या एलिझाबेथ राणीच्या वारसांमध्ये गणली जाणारी कॅथरिन ग्रे हिने डिसेंबर १५६० मध्ये एडवर्ड सीमोर, हर्टफर्डचा अर्ल (म्हणजे उमराव), याच्याशी चोरून लग्न केलं. साक्षीला एकटी नणंद, जेन. पाद्रीही तिनेच ऐनवेळी बोलावून आणलेला. काही महिन्यांत जेन वारली. कॅथरिनला दिवस गेल्याचं लपेना, तेव्हा राणीने दोघांना टॉवरमध्ये, म्हणजे लंडनच्या किल्ल्यातल्या कैदेत, कोंडलं. पाद्रीचं नाव दोघांनाही सांगता येईना. लग्न सिद्ध होईना, म्हणून १५६२ मध्ये चौकशी मंडळाने ते झालंच नाही असं ठरवलं आणि टॉवरमध्ये जन्मलेला मुलगा अनौरस झाला. पहारेकऱ्यांनी डोळेझाक केली, दुसरा मुलगाही तिथेच झाला. अर्लला १५,००० पौंड दंड. पाद्री उजेडात आला तो सतराव्या शतकाच्या सुरुवातीला, कॅथरिन जाऊन तीसहून अधिक वर्षं झाल्यावर.

प्रश्न: सामान्य घरांतही असंच चालायचं?

तिथे पळून जायची वेळ कमी यायची. मुलंमुली लहानपणीच दुसऱ्यांच्या घरी कामाला जात, पैसे साठवून पंचविशीनंतर लग्न करत. तोवर पुष्कळांचे वडील हयातही नसत.

प्रश्न: हे बंद केव्हा झालं? आपल्याकडच्या नोंदणी विवाहाच्या नोटिशीचा याच्याशी काही संबंध?

लॉर्ड हार्डविक यांच्या १७५३ च्या कायद्याने, अंमल २५ मार्च १७५४ पासून. लंडनमध्ये फ्लीट तुरुंगाभोवती पाद्री पैसे घेऊन झटपट लग्नं लावत, त्यांचा धंदा बसला. परवान्यावर लग्न करणाऱ्या २१ खालच्यांना बापाची संमती नसेल तर आता लग्नच रद्द. स्कॉटलंडला हा कायदा लागू नव्हता, म्हणून जोडपी सीमेपलीकडच्या ग्रेटना ग्रीनला धावू लागली.

संबंध आहे तो असा: इंग्रजांनी हिंदुस्थानात १८७२ साली केलेल्या विशेष विवाह कायद्यात आधी नोटीस होती, आक्षेपाची सोय होती आणि २१ खालच्यांना वडिलांची किंवा पालकाची संमतीही लागे. १९५४ च्या कायद्यात संमतीची अट उरली नाही. ३० दिवसांची नोटीस मात्र आहे, आणि ती वाचून घरी कळवणारेही आहेत.