इंग्रजीचा क्लास राहू दे, आधी मुगाचे दाणे नीट मोज

प्रश्न : मॅडम, मी यावल तालुक्यातली, बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे, वनस्पतिशास्त्र. दहावीपर्यंत मराठी माध्यम. घड कापला की आमच्याकडे खोडं बांधावर फेकून देतात, म्हणून वाटलं, यांचा काही उपयोग होतो का बघावं. केळीच्या खोडाच्या रसात मूग चांगला रुजतो का, असा एक छोटा प्रयोग केला. सर म्हणतात, ‘आविष्कार’ला, म्हणजे विद्यापीठांच्या संशोधन स्पर्धेला, पोस्टर लाव. पण परीक्षकांसमोर इंग्रजीत बोलायचं म्हटलं की हातपाय गार पडतात. जळगावला स्पोकन इंग्लिशचा क्लास आहे, फी बारा हजार. वडील भरायला तयार आहेत. लावू का? सोबत प्रयोगाचा मी लिहिलेला इंग्रजी सारांश आणि वहीच्या पानाचा फोटो पाठवते आहे.

उत्तर : बेटा, क्लास लावू नकोस. निदान या पोस्टरसाठी तरी नको. तुझा सारांश मी दोनदा वाचला. त्यात इंग्रजीच्या चुका आहेत, पण त्या कुणीही अर्ध्या तासात दुरुस्त करून देईल. अडचण दुसरीकडेच आहे.

पहिली तीन वाक्यं बघ. केळी हे महत्त्वाचं फळ आहे, त्यात पोषक द्रव्यं असतात, भारत उत्पादनात आघाडीवर आहे. ही वाक्यं तू कुठून तरी उचलली आहेस आणि वाचणाऱ्याला ते लगेच कळतं. तुझी स्वतःची सुरुवात पत्रात आहे, तिथे तू सहज लिहून गेलीस : ‘घड कापला की आमच्याकडे खोडं बांधावर फेकून देतात, म्हणून वाटलं, यांचा काही उपयोग होतो का बघावं.’ प्रस्तावना म्हणजे हेच. प्रश्न कुठून आला आणि तो का विचारावासा वाटला, एवढंच तिथे सांगायचं असतं.

पुढे तू लिहितेस, रसामुळे उगवणीत ‘सिग्निफिकंट’ वाढ झाली. किती? सारांशात आकडाच नाही. वहीत मात्र आहे : साध्या पाण्यात २५ पैकी २० दाणे रुजले, ५ टक्के रसात २३. मग हेच लिही. ‘सिग्निफिकंट’ हा शब्द विज्ञानात ‘बराच’ या अर्थाने वापरत नाहीत. संख्याशास्त्राची चाचणी लावल्यावर हा फरक निव्वळ योगायोगाने पडण्याची शक्यता फार कमी निघाली, तरच तो वापरायचा. तू प्रत्येकी एकच पेट्री डिश, म्हणजे दाणे रुजवायची उथळ बशी, ठेवली होतीस. तीन दाण्यांचा फरक एका डिशमध्ये सहज पडू शकतो. दर प्रकाराच्या किमान चार डिश ठेवून प्रयोग पुन्हा कर. मूग दोन-तीन दिवसांत रुजतो, वेळ आहे. माझ्या मते या आठवड्यात करण्यासारखं सगळ्यात मोठं काम हेच.

लिहायला बसशील तेव्हा वरून खाली लिहू नकोस. आधी तक्ता आणि आलेख. मग पद्धत, म्हणजे काय, किती, कसं केलं. मग निष्कर्ष आणि त्यावरची चर्चा. प्रस्तावना त्यानंतर, आणि सारांश सगळ्यात शेवटी. पहिला खर्डा खुशाल मराठीत कर. विचार स्पष्ट असला की इंग्रजी वाक्यं आपोआप छोटी होतात. पद्धत लिहून झाली की ती वर्गातल्या मैत्रिणीला दे आणि न बोलता शेजारी बस. ती वाचून रस तयार करू शकली, तर लेखन जमलं. ती जिथे अडून तुला विचारेल, तिथे वाक्य कमी आहे.

आता बोलण्याचं. एम.एस्सी.ला असताना मी पहिल्या सेमिनारचं इंग्रजी भाषण शब्दन् शब्द पाठ केलं होतं. तिसऱ्या स्लाइडला एक शब्द निसटला आणि पुढचं सगळंच गेलं. काम मी स्वतः केलेलं, तरी मी गप्प उभी. ती शांतता अजून आठवते, म्हणून कळकळीने सांगते : पाठ करू नकोस. आधी घरी, ओट्यावर, वडिलांना आपल्या बोलीत समजावून सांग. ते विचारतील, ‘मंग रस किती टाकायचा? सगळ्याच बियांले चालतो का?’ परीक्षकही जवळपास हेच विचारतात. उत्तरं तुझ्या जिभेवर बसली, की मग तीच इंग्रजीत, दहा-बारा साध्या वाक्यांत, मोबाइलवर रेकॉर्ड करून ऐक. एखाद्या प्रश्नाचं उत्तर नसेल तर ‘हे मी तपासलेलं नाही’ असं सरळ म्हण. चांगल्या परीक्षकाला हे वाक्य आवडतं.

पोस्टरवर मजकूर कमी ठेव, आलेख मोठा. अक्षर चार-पाच फुटांवरून वाचता आलं पाहिजे.

वाचायला भारतीय विज्ञान अकादमीचं ‘रेझोनन्स’ मासिक नेटवर फुकट मिळतं, खास कॉलेजच्या मुलांसाठी असतं. महिन्याला एक लेख वाच आणि पाच ओळींत मराठीत लिहून काढ. याच अकादमीची उन्हाळी संशोधन शिष्यवृत्तीही असते. तिच्या अर्जात काय करायचं आहे ते थोडक्यात लिहावं लागतं, तिथे हा सराव कामी येईल. चौथ्या वर्षाला संशोधनासह ऑनर्स करायचं असेल, तर पहिल्या सहा सत्रांत ७५ टक्के लागतात, तिकडेही लक्ष ठेव.

नवीन सारांश झाला की मला पाठव. आणि एक गोष्ट तू कुठेच लिहिलेली नाहीस : खोड केळीच्या कोणत्या जातीचं होतं, ग्रँड नैनचं की श्रीमंतीचं, आणि घड कापल्यावर किती दिवसांनी रस काढलास?