हजेरीला तो अडखळतो तेव्हा

प्रश्न : माझा मुलगा सातवीत आहे, बोलताना अडखळतो. 'हजर' म्हणायला वेळ लागला की मागच्या बाकांवरून 'ह-ह-हजर' सुरू होतं. आता रिक्षातही तेच. रोज सकाळी पोट दुखतं म्हणून रडतो. वर्गशिक्षक म्हणतात, मस्करी आहे, मनावर घेऊ नका. त्याचे बाबा म्हणतात, एकाच्या कानाखाली ठेवून दे. शाळा बदलू का?
— एक आई, कराड

उत्तर : ताई, त्याचं पोट खरंच दुखत असेल. नाटक करतो असं घरात कुणालाही म्हणू देऊ नका.

मी 31 वर्षं शिकवलं. माझ्याही वर्गात असाच एक मुलगा होता. चिडवणाऱ्याला आणि त्याला मी फळ्यापाशी उभं केलं, हात मिळवायला लावले आणि प्रकरण मिटलं असं समजले. पुढच्या आठवड्यापासून तो रोज दहा मिनिटं उशिरा येऊ लागला. मी लेटमार्क देत राहिले, रागावलेसुद्धा. हजेरी संपेपर्यंत तो पाण्याच्या टाकीमागे उभा राहायचा, हे मला शिपाईमामांनी सांगितलं. त्या लाल खुणा आजही माझ्या डोळ्यांपुढून हलत नाहीत. म्हणून सांगते, शाळेत कुणी 'समोरासमोर समेट' सुचवला तर नको म्हणा.

त्याच्या बाबांनाही सांगा. मारामारी झाली की बाई विचारणार, का मारलंस? समोरचा घडाघडा बोलून मोकळा होईल आणि तुमचा मुलगा पहिल्याच शब्दाला अडकेल. शिक्षा त्यालाच होईल.

खरी मदत बघणाऱ्या मुलांकडून मिळते. टोरोंटोच्या शाळांत मैदानावर चित्रीकरण करून संशोधकांनी हे तपासलं होतं, 2001 साली ते प्रसिद्ध झालं. छळाच्या 88 टक्के प्रसंगांत इतर मुलं हजर होती, पण मध्ये पडली ती फक्त 19 टक्क्यांत. आणि जेव्हा पडली, तेव्हा निम्म्याहून जास्त वेळा 10 सेकंदांत सगळं थांबलं. मध्ये पडणं म्हणजे भांडणं नव्हे. 'चल रे, डबा खायला' म्हणून त्याला तिथून घेऊन जाणंही पुरतं. माझ्या वर्गात ते त्याच्या शेजारी बसणाऱ्या मुलाने केलं. मी फक्त त्याला एकट्याला बोलावून विनंती केली होती. तुमच्या मुलाला विचारा, कोण हसत नाही? त्या एक-दोघांना रविवारी घरी बोलवा.

वर्गशिक्षकांना हजेरी बदलायला सांगा: सगळ्या वर्गाने नुसता हात वर करायचा. एकट्यालाच सूट दिली तर चिडवायला नवं निमित्त मिळेल. रिक्षावाल्या काकांशी तुम्ही स्वतः बोला, त्याला पुढे बसवा.

तारीख, जागा, काय झालं, कोण होतं, हे वहीत लिहून ठेवा. पंधरा दिवसांत फरक पडला नाही तर मुख्याध्यापकांना लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. शाळा सरकारी किंवा अनुदानित असेल तर शाळा व्यवस्थापन समितीतल्या पालकांनाही भेटा. मारहाण झाली, किंवा 'मला जगायचंच नाही' असं तो बोलला, तर एक दिवसही थांबू नका. 1098 ही मुलांसाठीची हेल्पलाइन मोफत आहे, चोवीस तास सुरू असते. जीवाचं बोलला तर त्याला एकटं न सोडता डॉक्टरांकडे न्या.

शाळा बदलायचं इतक्यात ठरवू नका. नव्या शाळेतही हजेरी असणारच. स्पीच थेरपिस्टला मात्र जरूर दाखवा. घरी तो बोलताना त्याचं वाक्य तुम्ही पूर्ण करू नका.

अर्ज लिहाल तेव्हा तो आधी त्याला वाचून दाखवा. एखादा शब्द त्याला नको वाटला, तर खोडा.