व्हीएफओचं आउटपुट मिक्सरला पुरत नाही, ऑसिलेटरचा करंट वाढवू का?

नाही. करंट वाढवू नका, सप्लाय ९ वरून १२ व्होल्टवर नेऊ नका, आणि टँकमधले (फ्रीक्वेन्सी ठरवणाऱ्या कॉइल-कपॅसिटरच्या जोडीतले) कपॅसिटर बदलून 'जरा जोर' आणायच्या फंदात तर मुळीच पडू नका. तुम्ही लिहिलंय की ५ मेगाहर्ट्झचा व्हीएफओ (फ्रीक्वेन्सी हाताने बदलता येणारा ऑसिलेटर) एकटा असताना बरा चालतो, पण चार डायोडचा रिंग मिक्सर (दोन फ्रीक्वेन्सी मिसळून तिसरी देणारा) जोडला की स्कोपवर, म्हणजे लहर दाखवणाऱ्या ऑसिलोस्कोपवर, जेमतेम ०.३ व्होल्ट पीक-टू-पीक उरतात. मग ऑसिलेटर अशक्त कसा? तुम्ही त्याच्या पाठीवर थेट ५० ओहमचं पोतं टाकलंय, म्हणून तो वाकलाय.

इतक्या ठामपणे सांगतोय कारण 'करंट वाढव' हा सल्ला मला एका जाणत्या माणसाने दिला होता, मी तो मुकाट्याने ऐकला, आणि एक अख्खा पावसाळा त्यात घालवला.

मी गोव्यातल्या फोंड्याचा. २०११ सालच्या मे महिन्यात माझा पहिला ४० मीटरचा (७ मेगाहर्ट्झच्या बँडचा) हौशी रेडिओ सेट तयार होत आला होता. १२ मेगाहर्ट्झचा क्रिस्टल फिल्टर, म्हणजे १२ मधून बँडचे ७ ते ७.२ वजा जाऊन व्हीएफओ ४.८ ते ५. घराच्या मागच्या भाटात (माडांच्या बागेत) दोन माडांमध्ये २० मीटरचा डायपोल, म्हणजे तारेचा अँटेना, ताणलेला. (वर दोरी बांधायला पाडेली, म्हणजे माडावर चढून नारळ पाडणारा, बोलावला होता. पुढच्या पाडपाला त्याच पाडेल्याने कोयत्याने फीडर (अँटेनाची केबल) तोडला, पण तो वेगळा विषय.) रिसीव्हर मात्र बहिरा होता. मिक्सरला ड्राइव्ह कमी पडतंय असा संशय होता, पण मोजायला माझ्याकडे स्कोप नव्हता.

स्कोप होता म्हापशाच्या एका ज्येष्ठ रेडिओ हौशींकडे. नाव घेत नाही, सगळे त्यांना भाई म्हणायचे. आमच्या ओळखीत तेवढा एकच स्कोप, त्यामुळे भाईंचा शब्द शेवटचा. बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात बसवलेला व्हीएफओ मांडीवर घेऊन मी कदंबाच्या बसने म्हापसा गाठलं. भाईंनी चहा दिला, झाकण काढलं, आणि प्रोबचं टोक सरळ कॉइलच्या गरम टोकाला लावलं. स्क्रीनवर एक मरतुकडी लहर. "हाका ताकद ना रे," भाई म्हणाले. जेएफईटी (फील्ड-इफेक्ट ट्रान्झिस्टर) काढ, एसएल१०० हा साधा ट्रान्झिस्टर टाक, एमिटरचा रेझिस्टर अर्धा कर, १२ व्होल्ट दे, मग बघ.

घरी येऊन सगळं तसंच केलं. लहर मोठी झाली असेल, पण जूनच्या पहिल्या आठवड्यात सकाळच्या नेटवर (हौशींच्या हवेतल्या ठरलेल्या बैठकीत) चेक-इन केलं तर दोन मिनिटांत नेट कंट्रोल, म्हणजे बैठक चालवणारा, म्हणाला, "ओएम, तुम्ही न सांगताच क्यूएसवाय करताय." (ओएम म्हणजे मित्रा, क्यूएसवाय म्हणजे फ्रीक्वेन्सी बदलणं.) सगळे हसले. मी हाताने ट्यूनिंग धरून बसलो होतो तरी फ्रीक्वेन्सी खाली घसरत होती, आणि पीटीटी (बोलायचं बटण) दाबला की आवाज डुलायचा. दाबलं की मिक्सरवरचा भार बदलायचा, भार बदलला की ऑसिलेटर ओढला जायचा. शिवाय जास्त करंटमुळे ट्रान्झिस्टर तापायचा आणि टँकमधले स्वस्त सिरॅमिक डिस्क कपॅसिटरही गरम व्हायचे. भाईंना फोन केला तर उत्तर मिळालं, "तुझं सोल्डरिंग वाईट असणार."

हे मला लागलं. सोल्डरिंग माझं आजही चांगलं आहे.

पुढचे तीन महिने मी कॉइलला मेणबत्तीचं मेण लावून पाहिलं, मग बायकोचं नेलपॉलिश. कपॅसिटर बदलून एनपीओचे (तापमानाने किंमत न बदलणारे) घातले. हा बदल मात्र घसरणीसाठी खरोखर उपयोगी पडला, त्यासाठी तुम्हीही करा. चवथीच्या सुट्टीत मुंबईचा मावसभाऊ आला तो जुना २० मेगाहर्ट्झचा स्कोप घेऊन, आणि मला पहिल्यांदा शांतपणे मोजता आलं. मूळचा जेएफईटीचा ऑसिलेटर परत बसवला. प्रोबचं बटण १०एक्सवर (सिग्नल दहापट कमी करून, हलका भार टाकणारं) ठेवलं, लहर छान. १एक्सवर (सिग्नल सरळ घेणारं) सरकवलं, लहर मेली.

तेव्हा लख्ख कळलं. १एक्सवर साधा प्रोब शंभर पिकोफॅरडच्या आसपास भार टाकतो. माझ्या टँकमध्ये एकूण दोनशे होते. म्हणजे भाईंच्या टेबलावर, १एक्सवरच्या प्रोबखाली, माझा ५ मेगाहर्ट्झचा ऑसिलेटर चारच्या जवळ जाऊन धापा टाकत होता. त्यात १एक्सवर त्या प्रोबची बँडविड्थच सहा मेगाहर्ट्झच्या आसपास, म्हणजे आकडा त्यामुळेही कमी दिसणार. आजारी माझा व्हीएफओ नव्हताच. तपासायला आलेल्याने त्याच्या छातीवर गुडघा ठेवून नाडी बघितली होती!

आता तुमचं काम. टँकपासून ४.७ ते १० पिकोफॅरडने हलकेच सिग्नल घ्या आणि जे३१० या जेएफईटीचा सोर्स फॉलोअर, म्हणजे बफर, लावा, सोर्सला ४७० ओहम. याच्याकडून व्होल्टेज वाढायची अपेक्षा ठेवू नका. त्याने दारात उभं राहून पुढचा गोंधळ आत येऊ द्यायचा नाही, एवढंच. त्यानंतर फीडबॅक अँप्लिफायर: २एन२२२२ए ट्रान्झिस्टर, करंट २० मिलिअँप. एमिटरला १० ओहम मोकळा आणि त्याखाली १०० ओहम ०.१ मायक्रोफॅरडने बायपास केलेला, कलेक्टरकडून बेसकडे १ किलोओहम, त्याच्याशी मालिकेत ०.१ मायक्रोफॅरड. बेसवर ३ व्होल्टच्या आसपास आलं की बायस जमलं. कलेक्टरला एफटी३७-४३ टोरॉइडवर (फेराइटच्या कड्यावर) दोन तारा पिळून १० वेढे, म्हणजे ४:१ चा ट्रान्सफॉर्मर. हा टप्पा साधारण १७ डेसिबल देतो, म्हणजे व्होल्टेज सातपट. इनपुटही आपोआप ५० ओहमच्या जवळ येतं.

हिशोब करून बघा. तुमचे ते रडके ०.३ व्होल्ट जरी आत गेले तरी बाहेर २ च्या वर येतात. आउटपुटला ३ डेसिबलचा पाय (π) पॅड, म्हणजे सिग्नल कमी करणारे तीन रेझिस्टर (दोन बाजूंना ३०० ओहम, मध्ये १८) घातला की मिक्सरला दीड व्होल्टच्या आसपास मिळतात. लेव्हल ७ चा मिक्सर +७ डीबीएम (५ मिलिवॅट) मागतो, ५० ओहमवर ते १.४ व्होल्ट पीक-टू-पीक होतात. आधी वाढवून मग पॅडमध्ये जाळायचं कशाला, असं लोक विचारतात. मिक्सरचा एलओ पोर्ट (ऑसिलेटर जोडायचं टोक) कधीच सरळ ५० ओहम नसतो, पॅडमुळे अँप्लिफायरला तो तसा वाटतो. मी पॅड कधीच वगळत नाही.

हे सगळं बांधून मी दिवाळीच्या आधी पुन्हा म्हापशाला गेलो. अर्धा तास सेट चालू ठेवला, फ्रीक्वेन्सी मीटरसमोर. घसरण होती, पण शंभर हर्ट्झच्या आत. प्रोबचं बटणही दाखवलं. भाईंनी चष्मा पुसला आणि म्हणाले, "हांव तेंच सांगतालों." (मी तेच सांगत होतो.) त्यांच्या बायकोने माझ्याकडे बघून मान हलवली, तेवढंच समाधान. त्यानंतर त्यांनी तोच करंट वाढवण्याचा सल्ला आणखी निदान दोघांना दिला, मला ठाऊक आहे. म्हणून तुमचा प्रश्न वाचून राहवलं नाही.

थोडं राहिलं. व्हीएफओऐवजी एसआय५३५१ या फ्रीक्वेन्सी देणाऱ्या चिपचं मोड्यूल लावणार असाल तर वरचं जवळजवळ सगळं विसरा. ८ मिलिअँपच्या सेटिंगवर ते या मिक्सरला पुरून उरतं, उलट पॅडच घालावा लागतो. पण मग हे प्रकरण हाताने बांधायची मजा काय, असं मला वाटतं. २एन२२२२ कोमट होणारच, चटका बसत असेल तर बायस तपासा. व्हीएफओ आणि बफरला ७८एल०९ चा वेगळा रेग्युलेटर द्या, अँप्लिफायर १२ वर चालू द्या. जर्मेनियम डायोडच्या प्रोबने ०.३ व्होल्ट मोजायला जाऊ नका, इतकं कमी व्होल्टेज त्याला नीट दिसत नाही. आणि हाच अँप्लिफायर पुढे आयआरएफ५१० (पॉवर ट्रान्झिस्टर) पर्यंत ताणून हवेत जायचं मनात असेल तर आधी लो-पास फिल्टर आणि परवाना, तोवर डमी लोड (अँटेनाऐवजी रेझिस्टर). तुमच्याकडे परवाना असेलच, तरी लिहून ठेवलं.

बफर लावून काय आकडा येतो ते इथे टाका. प्रोबचं बटण कुठे होतं तेही लिहा.